साडूंचा बिनतारी संसार

जगाशी इतका बोललेला आणि घराशी इतका न बोललेला माणूस माझ्या साडूंवाचून अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही. भिवंडीला निजामपुऱ्यात त्यांचं दुमजली घर. वडिलोपार्जित शेतावर गोदामं उभी राहून भाड्याने गेलेली, त्यामुळे पोटापाण्याची ददात नाही; मग गच्चीवर एरियल उभारून बिनतारी यंत्रावर हौसेने बोलणं हाच उद्योग. या हौशी मंडळींना हॅम म्हणतात. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवायचा आणि मिळाल्यावर जपानमधल्या माणसाला विचारायचं, "माझा आवाज कसा येतोय?" तो म्हणतो, "छान. माझा?" "तुमचाही छान." एवढ्यावर दोघेही कृतार्थ होतात. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं आणि ते ऐकल्याशिवाय समोरच्याने तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा शिष्टाचार. साडूंनी तो घरातही लागू केला. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, "गॅस संपलाय" म्हणून स्वयंपाकघरात निघून जायची आणि हे 'ओव्हर'ची वाट बघत बसायचे. सिलिंडर शेवटी ताईच आणवायची.

परवान्याच्या बाबतीत मात्र कडक सोवळं. एकदा माईक चालू असताना ताई मागून "आमटी गार होतेय" म्हणाली, तर साडूंनी विनापरवाना प्रक्षेपण झाल्याबद्दल सबंध आशिया खंडाची माफी मागितली. वर ताईला म्हणाले, "हे खेळणं नाही. उद्या संकट आलं, मोबाईल बंद पडले, की आम्हीच आहोत." ताई म्हणाली, "येईल तेव्हा येईल, आधी जेवून घ्या."

त्यांचा जिवलग म्हणजे गणेशपुरीचे एक खाणावळवाले. हे गृहस्थ दर उन्हाळ्यात, सराव म्हणून, वॉकीटॉकी घेऊन डोंगरावरच्या आदिवासी पाड्यावर चढत आणि तिथून साडूंना आवाज कसा येतोय ते विचारत. पाड्यावरच्या लोकांना यात फार मौज वाटे. "शेठ, त्यो परत त्येच इचारतो," असं मागून कुणीतरी खाणावळवाल्यांना म्हणालेलं निजामपुऱ्यात स्वच्छ ऐकू यायचं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी खाणावळवाले वर असतानाच डोंगराला वणवा लागला. गवत पेटून आग वर चढत होती, पाड्यावर म्हातारी माणसं आणि पोरं, आणि मोबाईलला रेंज तिथे कधीच नव्हती. मी त्या दुपारी सहज साडूंकडे गेलो होतो. यंत्रातून घोगरा आवाज आला, "पाड्यावाल्यांना घेऊन ओढ्यातून उतरतोय. बॅटरी संपत आलीय. धूर लई हाय, बोलवत न्हाय. ओव्हर." साडूंनी माईक जवळ ओढला. मग आयुष्यात पहिल्यांदा ते थोडक्यात बोलले. "तुम्ही बोलू नका. मी विचारतो, नुसतं बटण दाबा. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा. ओव्हर." बटण दाबून सोडलं की इकडे नुसतं 'खट' ऐकू येतं. त्याला ना दम लागत, ना फारशी बॅटरी.

पण भिवंडीत 'खट' ऐकायचं म्हणजे विनोदच! भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना, तिथे दिवसरात्र दुसरं काही ऐकूच येत नाही. ताई पदर खोचून तडक तिथे गेली. "भाईजान, लूम बंद करो. उधर डोंगर पे आग लगी है, इधर आवाज सुनना है."

"भाभी, शिफ्ट चालू है. सेठ चिल्लाएगा."

"तुम्हारे सेठ को मैं बघती!"

लूम बंद झाले. भरदुपारी निजामपुरा इतका गप्प झालेला मी कधी पाहिला नव्हता. मी फोन लावत सुटलो. एका कार्यालयाने तो डोंगर दुसऱ्याच्या हद्दीत असल्याचं कळवलं, दुसऱ्याने साहेब मीटिंगमध्ये असल्याचं. आगीला मीटिंग नसल्यामुळे ती चढतच होती. शेवटी डोंगराजवळच्या अंबाडी नाक्यावरची साडूंच्या ओळखीची पोरं टेम्पो काढून निघाली. ओढा कुठे उतरतो ते साडूंनी त्यांना सांगितलं आणि पुन्हा यंत्राला कान लावला.

"ओढ्यात आग आहे? ओव्हर." खट, खट.

"सगळे बरोबर आहेत? ओव्हर." खट.

"टेम्पो दिसला? ओव्हर."

काहीच नाही. साडूंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, मग पुन्हा. ताई त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून देवाचं नाव घेत होती. बऱ्याच वेळाने माझा फोन वाजला. टेम्पोवाला ओरडत होता, "समदी आली! खाणावळवाले शेठ म्हातारीला पाठीवर घेऊन आले. लई खोकतात पन." साडू 'ओव्हर' वगैरे काही न म्हणता लहान मुलासारखे रडले.

त्या धुराने खाणावळवाल्यांची छाती मात्र कायमची बिघडली. दोन शब्दांत दम लागतो. आता रोज संध्याकाळी साडू विचारतात आणि ते खट करतात, तेवढंच बोलणं. कारखान्यातले लोक चहाची सुट्टी नेमकी तेव्हाच घेतात. 'आवाज कसा येतोय'ची ती बडबड मी इतकी वर्षं चेष्टेवारी नेली. आता ती ऐकायला मिळावी म्हणून जीव तुटतो.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा साडू गच्चीवर एरियलशी झटापट करत होते. वेळ झाली, शेजारचे लूम थांबले, तरी त्यांचा पत्ता नाही. ताईने हात पुसले, त्यांच्या खुर्चीत बसली आणि माईक उचलला. "भाऊजी, मी बोलतेय. आज ह्यांना उशीर झालाय. जेवलात का?"

यंत्र गप्प. साडू दारात येऊन उभे होते. आता आशिया खंडाची पुन्हा माफी मागितली जाणार, असं मला वाटलं. ताईने कावरीबावरी होऊन त्यांच्याकडे पाहिलं. "उत्तर देत नाहीत हो."

"ओव्हर म्हण," साडू हळूच म्हणाले. "ते थांबलेत."