तबकातली बिडी

उत्रोलीत हनुमंतासारखा भिडस्त गडी दुसरा नाही. स्वतःच्या लग्नात वाढपी पुढं निघून गेला, तर हा नवरदेव 'वाढा' न म्हणता अर्धपोटी उठला. अशा माणसाला डॉक्टरांनी बिडी सोडायला सांगितली. डाव्या पायाचा अंगठा काळा पडून काढावा लागला होता. "बिडी चालू राहिली, तर पुढच्या खेपेला पाय," म्हणाले.

त्यानं सोडली. पारावर आम्ही त्याची यथेच्छ टर उडवली. "रत्नावहिनीनं बंडल चुलीत घातलं म्हणं?" ही आवई मीच उठवलेली, कबूल करतो. तो नुसता हसायचा.

मग आमच्या आळीतल्या धनाजीच्या पोरीचा साखरपुडा आला. आमच्याकडं पाहुण्यांपुढं पान, सुपारी आणि बिड्यांचं तबक फिरतं. ज्याच्या मनात यजमानाविषयी अढी नाही, तो एक उचलून तिथंच पेटवतो. हनुमंतानं तबकाला हात जोडले. तेही व्याह्यांच्या डोळ्यांदेखत.

"आमच्या दारची बिडी कडू लागती व्हय?" धनाजी म्हणाला.

शुभकार्यात कापलेल्या अंगठ्याचं काय काढायचं, म्हणून हनुमंत नुसता हसला.

भाताच्या लावणीला आमची आळी मिळून एकमेकांच्या खाचरात उतरते. आज याच्या, उद्या त्याच्या. हनुमंताच्या पाळीला कुणी आलं नाही. मीही कंबर दुखते म्हणून सांगितलं. रत्ना एकटी चिखलात वाकलेली, आणि हा बांधावर, पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून. रोपं पिवळी पडायला लागली.

तिसऱ्या दिवशी तो पारावर आला, धनाजीशेजारी टेकला.

"धनाजीभाऊ, द्या एक."

धनाजीनं काडी ओढली. डॉक्टर काय म्हणाले ते मला ठाऊक होतं. सांगायला तोंड उघडलं, तर त्यात माझीच बिडी.

दुसऱ्या दिवशी खाचरात वीस माणसं. दर विसाव्याला कुणीतरी बिडी पुढं करायचं, तो घ्यायचा. रत्ना सगळ्यांना पाणी देत होती, त्याच्याकडं तेवढी बघत नव्हती.

भात झकास आलं. काल त्याला पुण्याच्या एसटीत बसवायला मी नि धनाजी भोरच्या स्टँडवर गेलो. पाऊल फडक्यात गुंडाळलेलं.

"घोट्याच्या वरनं काढायचं म्हणत्यात," तो म्हणाला.

गाडीला वेळ होता. धनाजीनं खिशातनं बंडल काढलं आणि पहिली हनुमंतापुढं धरली. त्यानं घेतली.

काड्यापेटी माझ्याकडं होती.