बाबांच्या छातीचा फोटो

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी नुकताच मास्तर. गावातलं सगळं मलाच कळतं, अशी तेव्हा माझी समजूत. बुलढाण्याच्या दवाखान्यात बाबांच्या छातीचा फोटो काढला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. उशीर करू नका." बाबा मुळीच तयार नव्हते. महिनाभर हातापाया पडून मी त्यांना मलकापूरच्या एसटीत बसवलं. पुढं रेल्वेनं जायचं होतं.

राजूर घाट उतरण्याआधी ड्रायव्हर देवीपुढं नारळ फोडायला थांबला. सगळे खाली उतरून कठड्याशी गेले. समोर दूरवर शेतं, आणि वारा असा की टोप्या हातानं धरून ठेवाव्या लागत होत्या.

आमच्या लोकांना एक खोड. दवाखान्यातला फोटो दिसला, की उन्हाकडं धरून पाहिल्याशिवाय चैन नाही. माझ्या काखेतलं फोटोचं पाकीट पाहून ओळखीचे एक म्हातारबा म्हणाले, "मास्तर, दाखवा ना जरा, कुठी डाग हाय थो."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मास्तर ना मी! फोटो काढला, उन्हाकडं धरला. सगळ्यांच्या माना वर. "ही पाहा बरगडी," एवढंच म्हणालो, तोच वाऱ्यानं फोटो हिसकावला. गिरक्या घेत तो दरीत गेला.

मी कठड्यावरून वाकलो तसा कंडक्टरनं सदरा ओढला. "मरता काय मास्तर!" खाली वाट नव्हती. मेल्या त्या वाऱ्याला किती शिव्या दिल्या! भर माणसांत रडलो.

"बाबा, फोटोशिवाय नागपूरला जाऊन काय उपयोग? वापस जाऊ. दुसरा काढू."

"रडून काऊन राह्यला बे? गेला थो गेला," बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला. त्याचीच मला भीती वाटली.

घाट चढून आलेल्या गाडीला त्यांनीच हात केला. बुलढाण्याला उतरून ते दवाखान्याकडं वळलेच नाहीत, सरळ गावच्या गाडीत जाऊन बसले. मी पाय धरले, ओरडलो, आईची शपथ घातली. "आता फोटो नाही. मले घरी ने," एवढंच त्यांचं उत्तर.

पुढचा पोळा त्यांनी पाहिला नाही. मातीला आलेले लोक मलाच विचारत होते, "मास्तर, फोटोत काय निंघालं होतं?"

काय सांगू? मी एक बरगडी पाहिली होती.