अप्पांचं बोट थरथरतं तेव्हा

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. आमचे अप्पा धारवाडात मराठीचे शिक्षक होते. हल्ली त्यांचा हात थरथरतो. पेन धरवत नाही, म्हणून अळणावर गावच्या आत्याला, म्हणजे त्यांच्या अक्काला, ते कॉम्प्युटरवर पत्र लिहितात. पण बोट थरथरलं की एकच अक्षर दोन-तीनदा उमटतं.

आज त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला. "साकु गं, पुरे आता. जन्मभर मुलांचं शुद्धलेखन तपासलं, आणि माझंच लिहिणं असं."

मी प्रोग्रामर, पण वेबसाइट बनवणारी. कळ दाबल्यावर आत काय होतं, याचा विचार कॉलेजनंतर केलाच नव्हता. तेव्हा लॅबमध्ये आम्ही शिकलो होतो की बटण एकदा दाबलं तरी आतली पट्टी किंचित थरथरते आणि यंत्राला ते अनेकदा दाबल्यासारखं वाटतं. म्हणून पहिल्या दाबानंतर क्षणभर बाकीचे दाब सोडून द्यायचे. अप्पांसाठी तो क्षण फक्त थोडा मोठा हवा होता.

छोटासा प्रोग्राम लिहिला आणि त्यांच्या शेजारी बसून तो क्षण जुळवत राहिले.

"आता लिहा, अप्पा."

त्यांनी सावकाश लिहिलं, "प्रिय अक्का". एकही अक्षर जास्तीचं नव्हतं. त्यांनी कीबोर्ड आणखी जवळ ओढला. मग म्हणाले, "तू जा तुझ्या कामाला. मला अक्काला बरंच सांगायचंय."

प्रोग्रामर मित्रांनो, यंत्राच्या आत काय चालतं हे ठाऊक असलं, तर त्याला आपल्या माणसाच्या हाताला सांभाळून घ्यायला शिकवता येतं. तुमच्या घरी कुणाचं काय अडलंय?