चाक उचलून धरणारा माणूस

त्याचं नाव मी विचारलं नाही. दुसरी जागतिक लढाई संपल्यानंतरचे दिवस. मी भोरला डॉक्टर होतो आणि लष्कराने विकायला काढलेली एक जुनी मोटारसायकल फिरवत होतो. वेल्ह्याकडच्या डोंगरातून तो धनगर पहाटेच चालत निघून माझ्या दारात आला होता. "बायकू दोन दिस अडलीया, डाक्टर. चला," म्हणाला.

त्याला मागे बसवून मी निघालो. खडीच्या वाटेवर हँडल थरथरायला लागलं आणि एका वळणावर आम्ही दोघेही पडलो. हँडलच्या नळीतल्या बेअरिंगच्या गोळ्या सैल झाल्या होत्या. महिनाभर ती खडखड ऐकूनही मी पाना हातात घेतला नव्हता. आता नट आवळला की हँडल वळेना, ढिला केला की चाक डुगडुगे. तो पुढचं चाक उचलून धरून उभा होता. दंड थरथरत होते, तरी त्याने मला घाई केली नाही. "तुमी निवांत करा," एवढंच म्हणाला.

त्यात तासाहून जास्त वेळ गेला. आम्ही वाडीवर पोचलो तेव्हा बायका अंगणात रडत होत्या. बाई नुकतीच गेली होती. अंग अजून कोमट होतं. पोटातलं मूलही वाचलं नाही.

 थोड्या वेळाने त्यानेच मला तांब्याभर पाणी आणून दिलं.

"तुमी काय कसूर क्येली न्हाई, डाक्टर."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. मग पाणी पिऊन टाकलं.