बायजाबाईची थापड

बायजाबाईच्या नातीकडे आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं. तुमसरच्या राइस मिलमध्ये झाडू मारता मारता म्हातारीची कंबर वाकली, पण आईबाप नसलेल्या प्रतिक्षाला तिनं नववीपर्यंत आणलं. आणि परवा त्याच मिलच्या फाटकावर नवा मुकादम कैलाश त्या पोरीचा दंड धरून उभा. तिच्या हातात तांदळाचं गाठोडं, आणि हा ओरडून माणसं गोळा करतोय, "चोर सापडली, चोर."

या भागात एक वाईट खोड आहे. पोराची तक्रार आली, की खरंखोटं नंतर पाहायचं. आधी आपणच दोन ठेवून द्यायच्या, म्हणजे समोरच्याचा राग निवतो आणि परक्याचा हात पोरावर पडत नाही. बायजाबाईनं तेच केलं. झाडू टाकून धावत गेली आणि पोरीच्या कानाखाली सणसणीत वाजवली.

"काहून चोरले वं? काय कमी केलं मी तुले?"

प्रतिक्षानं गाठोडं तिच्यापुढे केलं. कैलाशनं सगळं मोबाइलवर टिपलं, मिलच्या ग्रुपवर टाकलं आणि मग पोलिसांना फोन केला.

साध्या कपड्यांत एक फौजदारबाई आल्या. व्हिडिओ पाहून त्यांनी आधी कैलाशचीच हजेरी घेतली. अल्पवयीन पोरीचा चेहरा असा चव्हाट्यावर मांडणं हाच गुन्हा आहे, म्हणाल्या. पण कैलाश कसला निर्लज्ज.

"म्याडम, सोताच्या आजीनं मारली तिले. चोरी केली नसती तं मारली असती का?"

बायजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचीच थापड त्या मेल्यानं पुरावा म्हणून पुढे केली होती.

फौजदारबाईंनी गाठोडं सोडून पाहिलं. तांदूळ थोडे; कोंडा, माती, खडेच जास्त. यंत्राखालचं झाडण होतं ते. शनिवारचं झाडण झाडणाऱ्या बायांनी घरी न्यायचं, ही मिलची जुनी रीत. म्हातारीला आता वाकून यंत्राखाली शिरता येत नाही, म्हणून शाळा सुटल्यावर पोरगी शिरली होती.

मग बायजाबाईचं तोंड सुटलं. "याले चोरी म्हणतं का रे? झाडण ओळखू येत नाई तं मुकादमी कायले करतं?"

मिलचे शेठही बाहेर येऊन म्हणाले, झाडण बायांचंच. कैलाशनं मान खाली घालून व्हिडिओ पुसला. पण तोवर तो अर्ध्या तुमसरात फिरला होता. सोमवारी त्या पोरीनं कोणत्या तोंडानं वर्गात बसायचं, हे कुणाच्या बापाला ठाऊक?

घरी जाताना बायजाबाई रस्ताभर कैलाशच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. प्रतिक्षा पुढे चालत होती.

"त्याले सोडत नाई मी. माह्या पोरीले चोर म्हणते."

प्रतिक्षा थांबली.

"त्या म्याडमनं तं खोलून पाह्यलं, आजी. त्वा काहून नाई पाह्यलं?"