आपल्या वाट्याचं पाणी

"घे की गं, बघत काय बसलीस? भांडं हाय, चावत न्हाय!"

गल्लीत नवं बिऱ्हाड उतरलं की अक्का पायानंच दार ढकलून आत शिरायच्या. हात रिकामे नसायचे. पातेलं, तवा, कधी शेगडी, कधी विरलेली चादर. गोड बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "तुझं तू इकत घेतलंस की परत आणून टाक. मागनं आणखी कुणीतरी येतंयच," एवढं बजावून निघून जायच्या.

अक्का तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या. नवरा लवकर गेला. एमआयडीसीत टॉवेलला शिलाई मारून त्यांनी दोन मुलींची लग्नं केली. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल आणि फटकळ म्हणून तुम्हीही त्याला टाळत असाल. मी टाळायचो. मी शाळेत शिकवतो. सगळ्यांसमोर "अरे मास्तर" अशी हाक मला आवडत नसे.

आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही तासभर. गेल्या उन्हाळ्यात ओडिशाहून एक जोडपं आलं. तो यंत्रमागावर, ती सात महिन्यांची पोटुशी. त्याच आठवड्यात पाणी आणखी लांबलं आणि गल्लीचा सगळा राग त्या दोघांवर निघाला. बैठक बसली. बाहेरून आलेल्यांनी नळावर यायचं नाही, असं ठरलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून कागद मी लिहिला. नळाशेजारच्या खांबावर मीच डकवला.

पाणी आलं त्या सकाळी ती घागर घेऊन आली, तर चौघीजणी आडव्या उभ्या राहिल्या. "कागद वाच की!" एक ओरडली. तिला मराठी कुठून वाचता येणार? नंबर अक्कांचा होता. त्यांनी आपली घागर भरली आणि सरळ तिच्या दारात नेली. अशा चार खेपा केल्या.

"अक्का, तुमचा नंबर तुमच्यापुरता!"

"माझ्या वाट्याचं पाणी मी पिईन, न्हायतर कुणाच्या माठात ओतीन. तुझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का कामावर असताना दोघे त्यांच्या अंगणात शिरले. साठवणीचं बॅरल आडवं करून त्यांनी ते दगडानं फोडलं. मी गॅलरीतून पाहत होतो. दोघेही माझ्या उठण्याबसण्यातले.

संध्याकाळी अक्का माझ्या दारात आल्या. "मास्तर, तुझी गॅलरी माझ्या अंगणावरच हाय की. कोण होतं रे?"

"मी झोपलो होतो, अक्का."

त्या जायला वळल्या. मग म्हणाल्या, "बरं. झोपा तुम्ही."

त्या दिवसापासून मी 'तुम्ही' झालो. भेटल्या की मान लववून बाजूला होत. एवढी कडक शिक्षा मला कुणी दिली नव्हती.

अक्कांनी तक्रार केली नाही. कुणाला शिव्याही दिल्या नाहीत. तीन दिवसांनी शेजारच्या गल्ल्यांतून आठ-नऊ बायका आल्या. त्यात विजापूरकडची एक होती, करकंबची एक होती. कधीकाळी अक्कांच्या भांड्यांत पहिला भात शिजवलेल्या सगळ्या. प्रत्येकीच्या डोक्यावर आपापल्या नळाची एकेक घागर. आमच्या नळासमोरून त्या रांगेनं गेल्या आणि त्या पोरीच्या दारात पाणी ओतू लागल्या.  अक्का तिथंच उंबऱ्यात उभ्या राहून खेकसत होत्या, "सांडू नका गं, लांबनं आणलंय!"

दुपारपर्यंत खांबावरचा कागद कुणीतरी फाडला होता. तो मी फाडला असता, तर आज ताठ मानेनं सांगितलं असतं. पण तो मी नव्हे.

पावसाळ्यात त्या पोरीला मुलगी झाली. थंडीत अक्का गेल्या. सकाळी शिलाईला निघाल्या होत्या, दारातच कोसळल्या. पाणी येऊन तेव्हा चार दिवस झाले होते, सगळ्यांची बॅरलं तळाला. शेवटच्या अंघोळीला पाणी लागणार, म्हणून मी घरातलं उरलंसुरलं काढलं आणि बादली भरून नेली.

दारात ती पोरगी उभी होती, काखेत लेक. आत अक्कांच्या मुली पाणी घालत होत्या.

"पुरे झालं, मास्तर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

मी बादली खाली ठेवायला जागा शोधू लागलो. अंगणभर गल्लोगल्लीच्या भरल्या घागरी होत्या.