बिस्किटाच्या चांदणीवरचा ठसा

नाताळच्या झाडावर बेकरीवाली सगळ्यांत आधी कडक भाजलेली बिस्किटाची चांदणी टांगायची. तिच्यावर लेकाच्या लहानपणच्या अंगठ्याचा ठसा होता. वीस वर्षं तिनं तो तळहाताच्या फोडासारखा जपला होता.

“आई, ही माझी नाहीच,” केकचा तुकडा तोंडात कोंबत लेक हसला. “माझी मी त्याच दिवशी खाल्ली. तू रडशील म्हणून बाबांनी करंगळी दाबून दुसरी केली.”

“आणि हे आत्ता सांगतोस, गाढवा?”

ती चांदणी हातात घेऊन खाली बसली. चार वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्यानं मागे काहीच ठेवलं नाही, असं ती सगळ्यांना सांगत आली होती.

तिनं आपली करंगळी त्या खळग्यात टेकवली. ओव्हनमधला दुसरा केक करपू लागला, तरी ती उठली नाही.